अनंताची फांदी

सविताने अनंताची वीतभर फांदी मोडली, पदराखाली घातली आणि मधलं अंगण ओलांडून आपल्या घरात शिरली. थोरली जाऊ भागूबाई बाजाराला गेली होती. धाकटीला एवढी सवड पुरेशी होती.

कोल्हारला दोघा भावांची घरं शेजारी शेजारी, अंगण एकच. त्या अंगणात भागूबाईचा अनंत उभा होता, हिरवागार, पांढऱ्या फुलांनी लगडलेला. सविताला त्याचा राग यायचा. खरं तर राग भागूबाईचाच होता. तिचं लोणचं बुरसत नाही, तिच्या शेवया तुटत नाहीत, आणि अनंत फुलायचा तोही तिच्याच दारात. सविताने दोनदा नर्सरीतून रोप आणलं. दोन्ही वेळा पानं पिवळी पडली, कळ्या न उमलताच गळाल्या.

भागूबाई रोज ओंजळभर फुलं द्यायची. वर शेवग्याच्या शेंगा, कढीपत्ता. पण फांदी मागितली की तिचं तोंड फिरायचं. "फांदी तेवढी न्हाई मिळायची," म्हणायची. दोन वर्षं हेच. फुलं देऊन ही आपल्याला मिजास दाखवते, असं सविताच्या मनानं घेतलं. पूजेला ती फुलं वाहतानाही तिचा जळफळाट व्हायचा.

फांदी तिनं गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, तेलाच्या जुन्या डब्यात खोचली. श्रावण होता. फांदी लागली. सविता हरखली, पण चोरीचा आनंद सांगणार कुणाला? वर्षभर ती भागूबाईला टाळत राहिली. चोरी हिची आणि फुगून बसलेलीही हीच. थोरलीनं एक शब्द जरी काढला तर अंगणात मधोमध भिंत घालायची, हे तिनं नवऱ्याकडून, वैजनाथकडून, कबूल करून घेतलं होतं.

पुढच्या पावसाळ्यात पहिलं फूल उमललं. झाड टाकीमागे लपलं होतं, वास कसा लपणार? संध्याकाळी भागूबाई जिना चढून वर आली आणि थेट टाकीमागे गेली.

सविताने पदर खोचला. भांडणाची तिची तयारी वर्षभराची होती.

"चोरलीय मी, ताई. मागून तुमी दिली न्हाई. आता काय बोलायचं ते बोला."

भागूबाई डब्यापाशी उकिडवी बसली. एकेक पान उलटून पाहिलं. मग तिनं मोठा सुस्कारा सोडला.

"अगं, दिलेला अनंत लागत न्हाई, चोरलेलाच लागतो. सासूबाईंनी बी मला न्हवता दिला. दोन वर्सं तुझी वाट बघितली मी, आन तू आपली मागतच बसलीस."