ताटातले डोळे

"ही माझी नाही," म्हातारीने चौकट टेबलावर पालथी घातली.

चित्रं दुरुस्त करणाऱ्याने भिंग कपाळावर सरकवलं. "आजी, तीनशे वर्षांपूर्वीचं चित्र. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. असं दुसरं मी आणू कुठून?"

"ते तुला ठाऊक. नाहीतर हिला."

हिला म्हणजे सुनेला. ती दाराशीच उभी होती. चित्र इथे आणून देणारी तीच, आणि काल घरी घेऊन गेलेली तीच.

म्हातारीने चौकट पुन्हा सुलटी केली. चित्रातल्या ख्रिस्ती साध्वीच्या हातात ताट होतं आणि ताटात तिचेच उपटलेले दोन डोळे. नजर अधू झालेली माणसं तिच्यापाशी मागणं मागतात. म्हातारी चाळीस वर्षं, एक दिवस न चुकता, मागत आली होती.

"माझ्या ताटात डोळे नव्हतेच. नुसता करडा डाग होता. मला कमी दिसतं म्हणून काहीही गळ्यात माराल होय?"

"डाग होता ना, तोच मी भरला," तो म्हणाला. "बोट लावून लावून कागद पार झिजला होता."

"आई, तुम्हीच रोज तिथे बोट टेकवता," सून हळूच म्हणाली.

"तू बोलूच नकोस. मागच्या वर्षी या तसबिरीची किंमत कोण विचारत होतं?"

"विम्यासाठी विचारली होती, आई. तुमच्यासमोर."

"हो, समोर एकदा. मागे किती वेळा, देव जाणे."

कारागिराने पाण्याची वाटी पुढे सरकवली. "आमचा रंग पाण्याने निघतो, आजी. मुद्दामच तसा वापरतो. हातच्या काकणाला आरसा कशाला? बघा पुसून."

म्हातारीने बोट बुडवलं आणि डाव्या डोळ्यावर फिरवलं. डोळा फिसकटला, बोटावर आला. खाली कागद मऊ होता, जरासा खोलगट. बोट तिथे आपसूक बसलं. बराच वेळ तिने ते उचललं नाही.

मग सवयीने ते आपल्या पापण्यांना लावलं. पापणीवर काळी रेघ उमटली.

"हीच आहे," ती पुटपुटली. सुनेकडे मात्र पाहिलं नाही. चौकट तेवढी तिच्यापुढे केली. "धर गं. चल घरी."

सुनेने हात पाठीमागे घेतले.

"तुम्हीच धरा, आई. वाटेत पुन्हा बदलली तर?"