धाकट्याचा आकडा

"अण्णा, तुमचा कॅन्सर सौम्य आहे. सध्या नुसतं लक्ष ठेवू," डॉक्टर म्हणाले, तेव्हा दामूअण्णांना हायसं वाटून घ्यायचंही त्राण उरलं नव्हतं. प्रोस्टेटच्या त्रासाची खूण सांगणारा रक्तातला पीएसए बत्तीसवर गेल्यापासून तीन महिने ते मिरजेला खेटे घालत होते. दर खेपेला जतहून गाडी हाकायचा तो धाकटा भाऊ रंगनाथ. 'आलोच आहे तर माझंही रक्त बघा,' असं तो मागे सहज म्हणाला होता. त्याचा पीएसए निघाला अवघा सहा. पण तपासताना डॉक्टरांच्या बोटाला गाठ लागली, म्हणून त्याच्याही गाठीचा तुकडा तपासणीला गेला होता.

"रंगनाथराव, तुमचा मात्र वरच्या ग्रेडचा, म्हणजे जहाल आहे. उपचार लगेच सुरू करावे लागतील."

"अहो, त्याचा तर सहाच आहे!" दामूअण्णा कळवळले. "कागद बदलले असतील."

"मीही दोनदा खात्री केली. बहुतेकदा आकडा मोठा तसा ग्रेडही वरचा असतो. पण काही जहाल गाठी रक्तात फारसा पत्ता लागू देत नाहीत."

बाहेर बाकावर बसल्यावर रंगनाथ म्हणाला, "तुम्ही सुटलात, दादा. मला तुमचाच घोर होता." त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच समाधान होतं. दामूअण्णांना ते बघवेना.

घरी जाऊन आडवं व्हावं, एवढंच सकाळपासून त्यांच्या मनात होतं. ते गुडघ्यांवर हात रेटून उठले आणि पुन्हा आत गेले.

"डॉक्टर, कधीपासून यायचं ते सांगा. रंगनाथसोबत मी असेन."