वेंडेलचा डबा

आमच्या ओहायोतल्या पोलाद कारखान्यात एक रीत आहे. माणूस निवृत्त होतो त्या दिवशी सोबती त्याचा जेवणाचा पत्र्याचा डबा वेल्डिंगनं कायमचा बंद करतात. जा बाबा, आता घरीच गरम जेव! वेंडेलचा डबा मीच बंद केला होता. परवा तोच डबा काखोटीला मारून म्हातारा माझ्यापुढं उभा. “काप, लेका. उद्यापासून कामावर येतोय.” कंपनीनं दिवाळं काढलं, नाव बदललं आणि कामगारांची पेन्शन गिळली. भट्ट्या मात्र धडधडतच आहेत आणि साहेबांची पेन्शन शाबूत! मी दातओठ खात झाकण कापलं. तेवढ्यात मॅनेजरसाहेब आले आणि हसत म्हणाले, “काय वेंडेल, घरी करमेना वाटतं?” वेंडेलनं ते गरम झाकण माझ्या चिमट्यानं उचलून सरळ त्यांच्या हातात दिलं. “घ्या साहेब. तुमची पेन्शन शिल्लक आहे ना? झाकून ठेवा. इथं चोर फार.”