डावीकडे बोटभर

उतारावर नवरा पडला, त्याची सायकल घेऊन ताई दुकानात आल्या. "हे अजून शुद्धीवर नाहीत. पण उठले की आधी सायकल मागतील. दादा, फ्रेम सरळ होईल की नवी टाकायची?"

मी फ्रेमभोवती दोरा ताणला. तो सीटखालच्या दांड्यापासून दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर हवा. फ्रेम डावीकडे बोटभर वाकली होती.

"पोलाद आहे, ऐकेल," म्हणालो आणि दाबून सरळ केली.

सकाळी बघतो तर पुन्हा डावीकडे बोटभर. परत सरळ केली. जेवून आलो, तर तेच.

फोनवर ताई म्हणाल्या, "जाऊ दे, नवीच टाका."

कागदात गुंडाळलेली कोरी फ्रेम काढली. सवयीने दोरा लावला. डावीकडे बोटभर.

दोऱ्यातच खोट असेल म्हणून दोरा बदलला. काही फरक नाही.

मग दाराबाहेरची माझी सायकल आत घेतली. ती आजवर कधी पडलेली नाही. दोरा ताणला. डावीकडे बोटभर.

दुकान बंद करायची वेळ झाली होती. माझ्या घराकडे रस्ता एकच जातो, त्याच उतारावरून.