डोंगरावरचे ढग

लेकीची नजर कमी होत चालली होती. "रोज घरीच तपासत राहा," डॉक्टर म्हणाले होते. नवऱ्याने काढलेला डोंगराचा फोटो मी लाकडी फळीवर कोरून कागदावर छापला होता. ते चित्र भिंतीला लावलं. फळी खाली टेबलावरच राहिली. रोज चहा टाकता टाकता तिला विचारायची, "सोने, डोंगरावर ढग किती?"

माझ्याकडे पाठ करून टेबलाशी उभी राहून ती सांगायची, "तीन!" माझा जीव भांड्यात पडायचा.

काल हात शिवशिवले, म्हणून फळीवर चौथा ढग कोरला. छापायचा राहिलाच, भिंतीवर जुनंच चित्र होतं.

आज विचारलं, तर ती ऐटीत म्हणाली, "चार!"

मी जवळ जाऊन पाहिलं, तर तिची बोटं फळीवर होती.

"बरोबर ना, आई? हसतेयस ना गं?"