आईच्या नावाचा घास

आईच्या वर्षश्राद्धाच्या पंगतीत हेमांगीने खिरीच्या वाटीला हात लावला, तोच कानातल्या गोळीएवढ्या यंत्रातून आईचा आवाज आला, "पुरे गं हेमा. ठेव ती वाटी."

तिने वाटी मुकाट्याने खाली ठेवली. आठ महिन्यांपूर्वी वजन कमी करायचं हे अ‍ॅप घेतलं, तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला होता: तुम्ही कुणाचा शब्द मोडत नाही? हेमांगीने आईचे जुने व्हॉइस मेसेज त्यात घातले. तेव्हापासून आई दर जेवणाला तिच्या कानात बसून होती आणि एकोणीस किलो उतरले होते.

वाढायला उभा असलेला थोरला भाऊ शिरीष तिच्या काटकुळ्या मनगटाकडे बघत राहिला. "आज तरी आईच्या नावाचा एक घास घे."

"तीच नको म्हणतेय, दादा."

शिरीषने हात पुसले आणि स्वतःचा फोन तिच्या कानाशी धरला. आईचा शेवटचा मेसेज त्याने जपून ठेवला होता.

"शिऱ्या, हेमा येतेय ना उद्या? तिला भरपूर वाढ रे. नको म्हणाली तरी ऐकू नकोस. माझ्या नावाचा एक घास घे म्हणावं, घेते ती."

हेमांगीने तो दोनदा ऐकला. मग फोन परत दिला आणि भरलं पान दूर सरकवलं.

"कुठल्या अ‍ॅपने बनवून दिला रे हा?" ती हळूच म्हणाली. "जमला नाहीये, दादा. आई असं कधी बोलायचीच नाही."