तू कुणाकडे?

"वामन्या, तू कुणाकडे?" ड्रमरनं विचारलं.

"अजून कुणी सांगितलं नाही," बेस गिटार पिशवीत भरत वामन म्हणाला.

तीस वर्षांत 'गीतमोहर' ऑर्केस्ट्रा चौथ्यांदा फुटला होता. कारण जुनंच, बॅनरवर मोठा फोटो गायकाचा की गायिकेचा. आजवर दोन्ही गट वामनला आपलाच धरून चालत, त्यामुळे बाजू घ्यायची त्याला सवयच नव्हती.

संध्याकाळी गायकाचा फोन आला. "बाईंनी पळवलं ना तुला? असू दे, बेसचं मी कीबोर्डवर भागवीन." लगेच बाईंचा. "तुम्ही दादांकडे गेलात, कळलं. राग नाही हं." वामन तोंड उघडेपर्यंत दोघांनीही फोन ठेवले.

"मग नक्की कुणाकडे आहात?" बायकोनं विचारलं.

"दोघंही म्हणतात, दुसऱ्याकडे." वामन विचारात पडला. "दोघं एकदम खोटं कशाला बोलतील?"